हातात गुण्या की भाला? चित्रातला आणि मूर्तीतला प्रेषित थोमा ओळखण्याची रीत

विष्णूच्या चोवीस मूर्ती वेगळ्या ओळखायच्या तर शंख, चक्र, गदा आणि पद्म कुठल्या हातात आहे ते पाहावं लागतं. क्रम बदलला की केशवाचा माधव होतो. ख्रिस्ती कलेतले बारा प्रेषितही, म्हणजे येशूचे पट्टशिष्यही, असेच वस्तूंवरून ओळखले जातात: पेत्राला किल्ल्या, आंद्रियाला फुलीच्या आकाराचा क्रूस, बर्थलमयाला सुरी. पण इथे क्रम ठरवून देणारा एकच ग्रंथ नाही. प्रदेश बदलला, शतक बदललं, काम देणारी संस्था बदलली की त्याच प्रेषिताच्या हातात दुसरी वस्तू येते आणि तीच वस्तू दुसऱ्याच्या हातात जाते. खुणांची यादी पाठ करून चर्चमध्ये किंवा संग्रहालयात शिरणारा नवखा म्हणूनच पहिल्या दहा मिनिटांत फसतो.

या लेखात एकच प्रेषित घेतला आहे: थोमा, म्हणजे सेंट थॉमस, गोव्यातला सां तोमे. त्याच्या खुणांचा भारताशी थेट संबंध आहे, आणि सगळ्यांत जास्त गोंधळही त्याच्याच खुणांचा होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे. वस्तू, चेहरा, प्रसंग, शेजारी, कोरलेलं नाव आणि जागा हे सहा प्रकारचे पुरावे धरा. त्यांतले किमान तीन एकमेकांवर अवलंबून न राहता जुळले, तरच नाव पक्कं समजा. एकट्या वस्तूवरून फक्त अंदाज बांधता येतो.

आधी गोष्टी माहीत हव्यात

थोमाच्या खुणा चार गोष्टींतून आल्या आहेत.

पहिली योहानाच्या शुभवर्तमानातली, विसाव्या अध्यायाच्या शेवटची. पुनरुत्थित येशू शिष्यांना दिसतो तेव्हा थोमा तिथे नसतो. खिळ्यांच्या खुणांत बोट आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं तो म्हणतो. आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो आणि त्याला बोट पुढे करायला सांगतो. थोमाने खरोखर स्पर्श केला की नाही, हे मजकुरात लिहिलेलं नाही. ही रिकामी जागा चित्रकारांनी आपापल्या परीने भरली.

दुसरी गोष्ट बायबलबाहेरची, तिसऱ्या शतकाच्या सुमारास सिरियाक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘थोमाच्या कृत्यां’मधली. हब्बान नावाचा व्यापारी थोमाला बांधकाम जाणणारा कारागीर म्हणून विकत घेतो आणि राजा गुंडाफरकडे आणतो. राजा महालासाठी पैसे देतो, थोमा ते गरिबांत वाटून टाकतो आणि महाल स्वर्गात उभा राहिल्याचं सांगतो. राजाचा भाऊ गाद मरतो, स्वर्गात तो महाल पाहतो आणि परत जिवंत होऊन साक्ष देतो. गोंडोफरस नावाचा इंडो-पार्थियन राजा होता हे त्याच्या नाण्यांवरून आणि तख्त-ए-बाहीच्या शिलालेखावरून सिद्ध झालं आहे. गोष्टीतला महाल अर्थातच सापडायचा नाही. थोमाच्या हातातला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, आला तो इथून, आणि वास्तुरचनाकार व बांधकाम करणारे त्याला आपला पालक संत मानतात तेही याच कथेमुळे.

तिसरी गोष्ट मृत्यूची. त्याच ग्रंथात चार शिपाई भाल्यांनी त्याला भोसकतात. दक्षिण भारतातल्या परंपरेनुसार तो इसवी सन ५२मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि ७२मध्ये मैलापूरजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईत, मारला गेला. पोर्तुगिजांनी १५२३मध्ये मैलापूरची कबर उकरली तेव्हा हाडांसोबत भाल्याचं पातं मिळाल्याची नोंद त्यांनी केली. मार्को पोलोने मात्र वेगळंच ऐकलं होतं: मोरांच्या शिकारीसाठी सुटलेला बाण चुकून त्याला लागला. चित्रकारांनी बाणाची गोष्ट फारशी उचलली नाही. तेराव्या शतकातल्या लॅटिन संतचरित्रांत त्याला मारणारं शस्त्र तलवार आहे, त्यामुळे एखाद्या युरोपीय हुतात्मा-प्रसंगात तलवार दिसली तर गोंधळू नका.

चौथी कंबरपट्ट्याची. मरिया स्वर्गात घेतली जाते त्या वेळीही थोमा उशिराच पोचतो, पुन्हा शंका काढतो, आणि मरिया वरून आपला कंबरपट्टा त्याच्याकडे टाकते. इटलीत प्रातो शहराच्या कॅथेड्रलमध्ये हा पट्टा म्हणून एक अवशेष जपलेला आहे. वर्षातून पाच वेळा तो लोकांना दाखवतात. त्यासाठी दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांनी १४२८ ते १४३८ या काळात बाहेरच्या कोपऱ्यावर खास व्यासपीठ घडवलं.

पायरी १: हा प्रेषितच आहे ना, ते ठरवा

हाताकडे बघण्याआधी पाय बघा. प्रेषित जवळजवळ नेहमी अनवाणी असतो, फार तर साध्या चपला. अंगात घोट्यापर्यंत झगा, त्यावर एका खांद्यावरून घेतलेलं सैल वस्त्र, हातात पुस्तक किंवा गुंडाळी. डोक्यावर बिशपची टोकदार टोपी, अंगात मठवासीयांचा झगा, कमरेला गाठींची दोरी किंवा चिलखत दिसलं तर तो प्रेषित नाही. पुस्तक असणं हा पुरावा धरू नका, ते बाराही जणांकडे असतं.

नाव कोरलेलं असलं तरी ही पायरी गाळू नका, कारण थॉमस नावाचे संत पुष्कळ आहेत. पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा आणि छातीवर सूर्य असेल तर तो डॉमिनिकन पंडित थॉमस अक्वायनस. बिशपचा पोशाख आणि डोक्यात रुतलेली तलवार असेल तर कँटरबरीचा थॉमस बेकेट. बिशपच्या पोशाखात भिकाऱ्याला पैसे देत असेल तर ऑगस्टिनियन पंथाचा, व्हिलानुएवाचा थॉमस. गोव्यात पोर्तुगीज अक्षरं वाचता येत असतील तर काम सोपं होतं: प्रेषिताला ‘तोमे’ लिहितात, बाकीच्यांना ‘तोमास’.

पायरी २: ओळ असेल तर आधी सोपे सोडवा

प्रेषित एकटे क्वचित असतात. बारा पुतळे, बारा खिडक्या, आल्ताराच्या (चर्चमधल्या वेदीच्या) दोन बाजूंना सहा-सहा फलक असा संच असेल तर थोमाला शेवटी हात लावा. आधी पेत्र (किल्ल्या), आंद्रिया (फुलीचा क्रूस), थोरला याकोब (शिंपला, यात्रेकरूची काठी), योहान (दाढी नसलेला, हातात प्याला किंवा जवळ गरुड) आणि बर्थलमय (सुरी, कधी हातावर स्वतःचीच सोललेली कातडी) हे पाच वेगळे काढा. मग करवत घेतलेला शिमोन आणि लांब दांड्याचा क्रूस घेतलेला फिलिप. उरतात मत्तय, धाकटा याकोब, तद्दय, मत्थिया आणि थोमा. खरी अडचण या पाचांतच आहे.

संच मोजायला विसरू नका. पुष्कळ ठिकाणी मत्थियाला वगळून त्याच्या जागी पौलाला घेतात. रोमच्या लॅटरन बॅसिलिकामधले अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे बारा प्रचंड संगमरवरी पुतळे हे त्याचं ठळक उदाहरण. तिथला थोमा पिएर ल ग्रोचा आहे. तलवार घेतलेला पौल ओळीत दिसला की मत्थियाचा पर्याय बाद होतो आणि थोमाचं काम हलकं होतं.

पायरी ३: गुण्या

गवंडी आणि सुतार काटकोन तपासायला वापरतात तोच हा गुण्या. दोन भुजा, बहुधा कमीजास्त लांबीच्या, त्यावर आकडे नसतात. चित्रात तो समोरून दिसला तर अडचण नाही. पण कारागिराने तो कडेने दाखवला असेल तर नुसती पट्टी किंवा काठी वाटते. अशा वेळी मुठीच्या खाली बघा, दुसऱ्या भुजेचं टोक झग्याच्या चुणीतून बाहेर आलेलं सापडतं. दगडी पुतळ्यात लांब भुजा तुटून जाते आणि उरलेला तुकडा क्रूसाच्या खांद्यासारखा दिसतो. तुटलेली कड खडबडीत आहे की घासून गुळगुळीत केलेली, हे तपासा.

गुण्या दिसला म्हणजे थोमाच, असं मात्र नाही. सगळ्यांत मोठी गफलत संत जोसेफशी होते, कारण तो सुतार. जोसेफजवळ बाळ येशू किंवा लिलीची फुलं आलेली काठी शोधा, पायाशी करवत, रंधा किंवा ओंडका असू शकतो. थोमाजवळ बाळ नसतं, लिली नसते, आणि त्याचा गुण्या बांधकामाचा, म्हणून सोबत दगड किंवा खांबाचा तुकडा दिसू शकतो. तद्दय आणि मत्थिया यांच्या हातातही काही ठिकाणी, विशेषतः उत्तर युरोपात, गुण्या येतो. ओळीत दोन गुण्ये आढळले तर वस्तूवरून निर्णय होणारच नाही, कोरलेल्या नावाकडे वळा.

पायरी ४: भाला

सतराव्या शतकातल्या स्पॅनिश, फ्लेमिश आणि फ्रेंच चित्रांत गुण्यापेक्षा भालाच जास्त भेटतो. ड्युररने १५१४मध्ये तांब्यावर कोरलेला थोमा भाला आणि पुस्तक घेऊन आहे. वेलास्केसने तरुणपणी रंगवलेला, आता फ्रान्समध्ये ऑर्लेयाँच्या संग्रहालयात असलेला थोमाही तसाच: जाड तपकिरी वस्त्र, एका हातात उघडं पुस्तक, खांद्याला टेकलेला भाला.

इथे पात्याचा आकार निर्णायक आहे. थोमाचं पातं अरुंद, पानासारखं, दांड्याच्या सरळ रेषेत असतं. दांड्याला बाजूने कुऱ्हाडीसारखं रुंद पातं फुटलं असेल तर ते हॅलबर्ड नावाचं युरोपीय शस्त्र, आणि तो माणूस बहुधा तद्दय किंवा मत्थिया. हा फरक डोळ्यांत बसवायला जॉर्ज द ला तूर या एकाच चित्रकाराची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लूव्र संग्रहालयातला त्याचा थोमा भाला धरून आहे, तर आल्बी शहरातला त्याचा तद्दय हॅलबर्ड. दोघेही सुरकुतलेले म्हातारे, दोघेही गावातल्या शेतकऱ्यासारखे, पोशाखावरून काहीच कळत नाही. फरक फक्त पोलादाच्या आकारात. छोट्या छापील चित्रात पातं कडेला कापलं गेलेलं असतं, म्हणून कापलेल्या प्रतीवरून कधीही नाव ठरवू नका.

भाल्याचे आणखी दोन दावेदार आहेत. लाँगिनस हा क्रूसाजवळचा रोमन शिपाई. सेंट पीटर्स बॅसिलिकामधला बर्निनीचा पुतळा त्याचाच. शिपायाचा पोशाख किंवा शिरस्त्राण जवळ असतं आणि पुस्तक नसतं. दुसरा फिलिप. त्याच्या लांब क्रूसाची आडवी पट्टी गळून पडली की उरतो नुसता दांडा. दांड्याच्या वरच्या भागात खाच किंवा खिळ्याचं भोक आहे का, दुर्बिणीतून पाहा. ८ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. मोबाइलने ओढून घेतलेला फोटो अशा वेळी कामाचा नसतो, खाच आणि सावली सारखीच दिसते.

पायरी ५: हात रिकामा असेल तर मूठ वाचा

गोवा आणि वसईकडच्या जुन्या लाकडी मूर्तींत हा प्रश्न नेहमी येतो. हातातली वस्तू बहुतेकदा वेगळी घडवून बसवलेली असते, चांदीची, पितळेची किंवा लाकडाची. सणाला ती लावतात, एरवी कपाटात ठेवतात. ती हरवते, चोरीला जाते, किंवा रंगकाम झाल्यावर दुसऱ्याच मूर्तीच्या हातात बसवली जाते. त्यामुळे हातात आज जे आहे ते मूळचंच असेल, असं गृहीत धरू नका.

मुठीत वरून खालपर्यंत आरपार गोल भोक असेल तर तिथे दांडा होता: भाला, काठी, लांब क्रूस. पायाच्या चौथऱ्यावर त्याच्याच रेषेत छोटा खळगा सापडला तर दांडा जमिनीपर्यंत होता हे पक्कं. अंगठा आणि बोटांमध्ये अरुंद, चपटी फट असेल तर वस्तू सपाट होती, म्हणजे गुण्या, सुरी किंवा पुस्तकाची कड. तळहात उघडा आणि वर असेल तर पुस्तक किंवा छोटी प्रतिमा ठेवलेली असू शकते. तर्जनी ताठ आणि बाकी बोटं मिटलेली असतील तर वस्तू कधी नव्हतीच, ते बोट हीच खूण आहे. मात्र हात मनगटापाशी जोडलेला आहे का हे तपासा. लाकडाचा पोत किंवा रंगाचा थर मनगटावर बदलत असेल तर हात नंतर बसवलेला आहे आणि त्याचा पुरावा बाद. अशा नव्या हाताची बोटं कारागिराने स्वतःच्या कल्पनेने केलेली असतात.

मूर्तीला हात लावू नका, फिरवून पाहू नका. जुन्या रंगाचे पापुद्रे नुसत्या स्पर्शाने सुटतात.

पायरी ६: चेहरा

यावर फार वेळ घालवू नका. पूर्वेकडच्या, म्हणजे बायझंटाइन परंपरेतल्या चित्रांत थोमा ठरवून तरुण आणि दाढी नसलेला असतो, हा नियम तिथे भक्कम आहे. पण फिलिपही तसाच असतो, त्यामुळे अनेक चेहऱ्यांतून दोन निवडता येतात, एक नाही. पश्चिमेकडे काही नियम नाही. फ्लॉरेन्सच्या ओर्सानमिकेलेवरचा वेरोक्कियोचा थोमा कुरळ्या केसांचा पोरगेला आहे, तर काराव्हाज्जोचा कपाळभर आठ्या पडलेला प्रौढ. वस्त्रांच्या रंगावरून तर काहीच ठरवू नका, दर दुरुस्तीत रंग बदलतात.

पायरी ७: प्रसंग

प्रसंग असेल तर वस्तू नसली तरी चालते.

*शंकेचा प्रसंग.* येशू उभा, छाती किंवा कूस उघडी, आणि समोरून एक जण बोट पुढे करतोय. जखम परंपरेने येशूच्या उजव्या कुशीत दाखवतात, म्हणजे आपल्या डावीकडे. ती उलट बाजूला दिसली आणि थोमा डावा हात वापरत असेल तर चित्रकाराचं काही चुकलेलं नसतं. चित्रावरून तांब्यावर कोरून छापलं की प्रतिमा आरशासारखी उलटते, आणि अशा छापील प्रतींवरून रंगवलेली चित्रं जगभर आहेत. उलटी जखम दिसली की मूळ छापाचा शोध घ्यायचा.

पुढे पाहा, बोट जखमेला लागलंय का. वेरोक्कियोच्या ब्राँझ जोडीत (१४६७ ते १४८३) ते लागलेलं नाही. येशू कोनाड्यात उभा आहे, थोमा कोनाड्याबाहेर, त्याचा एक पाय चौथऱ्याच्या कडेवरून रस्त्याच्या बाजूला आलेला. मूळ पुतळे आता आतल्या संग्रहालयात आहेत, बाहेर प्रतिकृती आहे. काराव्हाज्जोच्या सुमारे १६०१-०२च्या चित्रात (पॉट्सडॅम, सान्सूसी) उलट येशूनेच थोमाचं मनगट धरून बोट जखमेत घातलं आहे. चार डोकी एकमेकांना चिकटलेली, मागे अंधार, आणि थोमाच्या खांद्याची शिवण उसवलेली. ती उसवण पाहिल्याशिवाय या चित्रापुढून हलू नये. पूर्वेकडच्या चित्रांत येशूच्या मागे बंद दार असतं, कारण शुभवर्तमानात दारं बंद होती असं म्हटलं आहे. शंका असेल तेव्हा हे दार शोधा.

*कंबरपट्टा.* वर ढगांत मरिया, खाली गुडघे टेकलेला किंवा हात पसरलेला एक जण, आणि दोघांमध्ये लोंबणारी कापडी किंवा चामडी पट्टी. रिकामी कबर किंवा तीत उगवलेली फुलं असतील तर तो थोमाच. हेच चित्र फसवंही आहे. ऑगस्टिनियन पंथाच्या चित्रांत मरिया कंबरपट्टा देते तो संत ऑगस्टिन आणि त्याची आई मोनिका यांना, आणि तिच्या कडेवर बाळ असतं. कार्मेल पंथाच्या चित्रांत ती देते ती खांद्यावरून घेण्याची पट्टी, मठवासी सायमन स्टॉकला. बाळ आहे की नाही आणि घेणाऱ्याच्या अंगावर काय आहे, या दोन प्रश्नांत निकाल लागतो.

*राजा आणि महाल.* युरोपच्या मध्ययुगीन काचचित्रांत आणि दारांवरच्या कोरीव कामात ही गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी येते. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमधली एक खिडकी पूर्ण थोमाचीच आहे. अशी खिडकी वाचताना बहुतेकदा खालून वर जायचं. जहाज, राजा, पैशाची थैली आणि गरिबांची रांग ही चार दृश्यं मिळाली की पुरे. भारत म्हणून दाखवलेला देश हुबेहूब फ्रेंच गावासारखा असतो, हे पाहून हसू आलं तरी चालेल.

*शेवटचं भोजन.* इथे सहसा कोणाच्याच हातात खूण नसते. लिओनार्दोच्या मिलानमधल्या भिंतिचित्रात येशूच्या शेजारी, आपल्या उजवीकडे, हात फैलावलेल्या थोरल्या याकोबच्या मागून एक जण तर्जनी वर करून डोकावतो, तो थोमा. ही ओळख केवळ अंदाजावर नाही. स्वित्झर्लंडमधल्या पोंते काप्रियास्का गावच्या चर्चमध्ये या चित्राची जुनी प्रतिकृती आहे आणि तिच्यात प्रेषितांची नावं लिहिलेली आहेत. इतर चित्रकारांच्या भोजनचित्रांना मात्र हा क्रम लावू नका, प्रत्येकाची बैठक वेगळी.

पायरी ८: अक्षरं, जागा, तारीख

नाव चार ठिकाणी शोधा: चौथऱ्याची पुढची कड, तेजोवलयाचा काठ, झग्याची किनार, हातातल्या गुंडाळीचा उलगडलेला भाग. कोरीव अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत. परवानगी घेऊन छोटी बॅटरी बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरली की ती उठून येतात. ग्रीक चित्रांत मध्ये आडवी रेघ असलेला गोल शोधा, ते थोमाच्या नावाचं पहिलं अक्षर. फिलिपचं अक्षर गोलातून उभी रेघ गेलेलं असतं. त्या दोन तरुण चेहऱ्यांचा प्रश्न इथे सुटतो. रंगवलेलं नाव मात्र शेवटच्या रंगाऱ्याचं मत असू शकतं. नाव आणि वस्तू जुळत नसतील तर आधी नावावरच्या रंगाचा थर किती नवा आहे ते बघा.

जागेचा पुरावा उपयोगी, पण जपून. गोव्यात हळदोण्याचं १५९६चं चर्च थोमाच्या नावाचं आहे, कासावलीचंही. वसईत सांडोरचं आहे. मुंबईत फोर्टमधलं १७१८मध्ये खुलं झालेलं कॅथेड्रल त्याच्याच नावाचं, आणि चर्चगेट हे नाव त्याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं. ज्याच्या नावाचं चर्च, त्याची मूर्ती मुख्य आल्तारावर मानाच्या जागी असण्याची शक्यता मोठी. पण वस्तू हलतात. १७३९मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मेणवली आणि भीमाशंकरपर्यंत गेल्या. गोव्यातले मठ १८३५मध्ये बंद झाले तेव्हा तिथलं सामान इतर चर्चमध्ये वाटलं गेलं. कोनाड्याच्या मापापेक्षा मूर्ती लहान किंवा मोठी असेल तर ती दुसरीकडून आलेली असू शकते.

तारखेचं असं की थोमाचा सण आता ३ जुलैला असतो. रोमन दिनदर्शिकेत १९६९पर्यंत तो २१ डिसेंबरला होता. जुन्या देणगीपत्रात किंवा फलकावर डिसेंबरची तारीख दिसली तर ती विरोधी पुरावा मानू नका.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७मध्ये पाया खणताना सापडलेला, पहलवी (जुन्या इराणी) अक्षरं कोरलेला क्रूस आणि त्याच्यासारखे केरळमधले क्रूस यांना ‘थोमाचा क्रूस’ म्हणतात. ती एका समाजाची खूण आहे, मूर्तीच्या हातातली नव्हे. आणि टपाल तिकीट: पोप सहावे पॉल २ डिसेंबर १९६४ला मुंबईत आले, त्या दिवशी भारताने थोमाचं तिकीट काढलं. त्यावरची प्रतिमा इटलीतल्या ओर्तोनाच्या कॅथेड्रलमधली आहे, जिथे त्याचे अवशेष १२५८पासून आहेत. भारतातल्या मूर्तींशी तुलना करायला ते तिकीट वापरू नका.

पायरी ९: नोंद

प्रत्येक मूर्तीचे निदान सहा फोटो घ्या: पूर्ण समोरून, दोन्ही बाजूंनी, हात जवळून, चौथरा जवळून, आणि शेजारच्या मूर्तींसह संपूर्ण आल्तार. फ्लॅश बंद ठेवा, सोनेरी मुलाम्यावर तो नुसता पांढरा डाग पाडतो. मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) चालू असताना फोटो नाहीत. फादरांना किंवा चर्चची व्यवस्था बघणाऱ्याला आधी विचारा आणि त्याच वेळी हेही विचारा, की सणाला मूर्तीच्या हातात काय देतात. कपाटातली वस्तू पाहायला मिळाली तर तिची लांबी मोजा आणि दांड्याची जाडी मुठीतल्या भोकाशी ताडून बघा. भोक ३ सेंटिमीटरचं आणि दांडा दीडचा असेल तर ती जोडी मूळची नव्हे.

नाव लिहिताना त्याच्यापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘अनिश्चित’ यांपैकी एक शब्द लिहा, आणि कुठल्या पुराव्यांवर, तेही. नमुन्यादाखल: ‘प्रेषित, अनवाणी, दाढीवाला, डाव्या हातात पुस्तक. उजव्या मुठीत आरपार भोक, चौथऱ्यावर खळगा, सध्या हातात काही नाही. ओळीत फिलिप आणि तद्दय वेगळे ओळखले. चर्च थोमाच्या नावाचं, पण मूर्ती बाजूच्या आल्तारावर. थोमा, बहुधा.’ पुढे कोणाला कपाटात भाल्याचं पातं सापडलं, तर ही नोंद दुरुस्त करायला एक शब्द बदलावा लागेल.